दशावतारी गंजिफांचा संच : भिंतीसाठी की डावासाठी?

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या परिसरातील हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानातून दशावतारी गंजिफांचा, म्हणजे गोल पत्त्यांचा, हाताने रंगवलेला पूर्ण संच मी साडेसहा हजार रुपयांना विकत घेतला आणि पावसाळ्याच्या तोंडापासून दिवाळीपर्यंत त्यावर खरोखर डाव मांडून तो पारखला. अशा संचाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्यातील चित्रांविषयी असते. दुकानदारही तो दाखवताना पेटीचे झाकण सरकवतो, दहा राजे काचेवर मांडतो आणि उरलेली ११० पाने पेटीतच राहू देतो. पत्ते जमवणाऱ्या माणसाने मात्र हा संच आधी पत्त्यांचा कॅट म्हणून तपासावा, असे माझे मत आहे. पाने पुरी आहेत का, पाठी सारख्या आहेत का, पाने हातात धरता येतात का, सत्ती आणि अठ्ठी एका नजरेत वेगळ्या ओळखू येतात का, हे प्रश्न आधी विचारावेत. नरसिंहाच्या आयाळीतली रेघ किती बारीक आहे, हे नंतर पाहिले तरी चालते.

ज्यांनी गंजिफा केवळ चौकटीत लावलेल्या पाहिल्या आहेत त्यांच्यासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. या कॅटात १२० गोल पाने असतात. विष्णूच्या दहा अवतारांची प्रत्येकी बारा पाने, म्हणजे एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, अशी त्याची रचना आहे. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांच्या जागी येथे मासा, कासव, परशू अशी अवतारांची चिन्हे येतात. खेळ फार जुना आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे, आणि अकबराच्या दरबारातील १४४ पानांच्या संचाचे वर्णन अबुल फजलने केलेले आहे. मोगली पद्धतीचा ९६ पानांचा आठ गटांचा संच पुढे देशभर पसरला आणि त्याच्याच बरोबरीने दशावतारी संच रुजला. आजही ओडिशात, बंगालमधील बिष्णुपूर येथे, म्हैसूरला आणि आपल्या सावंतवाडीला ही पाने रंगवली जातात. सावंतवाडीचा हा धंदा विसाव्या शतकाच्या मध्यावर जवळजवळ बंद पडला होता. तेथील राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चितारींना बसवून तो पुन्हा उभा केला, म्हणूनच आज कोल्हापूरच्या दुकानात असा संच मागता येतो.

मी घेतलेला संच सावंतवाडीकडचा आहे, असे विक्रेत्याने सांगितले. पेटीवर, पानांवर किंवा पावतीवर तसा उल्लेख कोठेही नाही. या उणिवेकडे मी पुढे येणार आहे. चित्रांवरून मात्र त्याचे म्हणणे पटण्यासारखे आहे, कारण नववा राजा विटेवर उभा राहिलेला, कटीवर हात ठेवलेला विठ्ठल आहे. महाराष्ट्रातील दशावतारांच्या चित्रांत बुद्धाच्या जागी विठ्ठल येण्याची प्रथा जुनी आहे, तर ओडिशा आणि बंगालच्या पानांवर त्या जागी जगन्नाथ दिसतो. अनोळखी संच समोर आला की मी प्रथम नववा राजा शोधतो; तो पाहिला की संचाच्या मुलखाविषयी पहिला अंदाज बांधता येतो.

संग्राहकाने दुकानातच करावयाचे पहिले काम म्हणजे पाने मोजणे आणि लावणे. दुकानदाराला याची सवय नसते, आणि तो थोडा नाराजही होतो. तरी संकोच करू नये. १२० हा आकडा जुळला म्हणून संच पुरा आहे असे होत नाही. मी अवतारवार पाने लावली तेव्हा एकूण संख्या बरोबर भरली, परंतु कमळाच्या नव्व्या दोन निघाल्या आणि अठ्ठी नव्हतीच. रंगवणाऱ्याच्या हातून एक कमळ जास्त पडले होते, एवढाच याचा अर्थ. भिंतीवर टांगण्यासाठी घेणाऱ्याच्या लक्षात हे जन्मभर आले नसते, आणि डाव मांडणाऱ्याच्या पहिल्याच दिवशी आले असते. विक्रेत्याने कोणतीही कुरकुर न करता ती नव्वी परत घेतली आणि काही आठवड्यांनी कारागिराकडून अठ्ठी करवून आणून दिली, त्यासाठी वेगळे पैसेही घेतले नाहीत. सेवेच्या बाबतीत दुकानाला मी पूर्ण गुण देतो. मात्र नव्याने आलेली अठ्ठी दुसऱ्या खेपेतली असल्याने तिच्या पाठीचा तांबडा रंग इतर पानांहून उजळ आहे, आणि त्यामुळे कमळाची अठ्ठी कोणाच्या हातात आहे हे तिन्ही खेळाडूंना आता नेहमीच ठाऊक असते.

साहित्याकडे वळतो. पारंपरिक पद्धतीत कापड किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून पुठ्ठा तयार करतात, त्यावर पांढरे अस्तर देतात, ते दगडाने घोटून गुळगुळीत करतात, मग रंगकाम होते आणि शेवटी लाखेचा हात दिला जातो. या संचातील पानांचा पुठ्ठा मात्र मला तयार बाजारी पुठ्ठ्यासारखा वाटतो. त्याच्या कडेला थरांच्या रेषा दिसत नाहीत आणि नखाने टिचकी मारल्यास खळीच्या पुठ्ठ्याचा टणक आवाज येत नाही. याला मी फसवणूक म्हणणार नाही, कारण विक्रेत्याने जुन्या पद्धतीचा पुठ्ठा असल्याचा दावा केला नव्हता. परंतु हाताने केलेला संच या शब्दांत केवळ रंगकाम मोडते की पानाची घडणही, हे विचारून घेण्याची जबाबदारी खरेदीदारावरच पडते, आणि साडेसहा हजार रुपयांत दोन्ही मिळेल अशी अपेक्षा धरणे व्यवहाराला धरून नाही.

पानांचा व्यास सुमारे तीन इंच आणि जाडी एक मिलिमीटरहून किंचित अधिक आहे. हा तपशील वाचताना क्षुल्लक वाटतो, परंतु या संचाचा सर्वांत मोठा दोष त्यातच दडलेला आहे. आपल्या नेहमीच्या पत्त्यांचे एक पान सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीचे असते आणि ५२ पानांची गड्डी दीड सेंटिमीटरच्या आसपास भरते. गंजिफांचा खेळ बहुधा तिघांत होतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. या संचातील ४० पाने एकावर एक ठेवली तर गड्डी चार सेंटिमीटरहून उंच होते. ती एका हातात धरून पंख्यासारखी पसरणे मोठ्या पंजाच्या माणसालाही जमत नाही. खालची पाने निसटतात आणि मधली पाने एकमेकांवर घासून लाखेचा लेप खरवडतात. आम्ही शेवटी प्रत्येकाने पाने अवतारवार लहान लहान गड्ड्यांत मांडीवरच्या पंचात ठेवली आणि लागेल ती गड्डी उचलून पाहिली. असा खेळ होतो, पण तो संथ होतो, आणि शेजाऱ्याची नजर चुकवण्याचे काम वाढते. खेळासाठी संच करवून घेणाऱ्याने पानाचा व्यास दोन इंचांच्या आत आणि पुठ्ठा शक्य तितका पातळ मागावा. आजच्या विक्रीच्या संचांचा कल मोठ्या पानांकडे आहे, कारण मोठ्या पानावरचे चित्र दुरून उठून दिसते आणि चौकटीत शोभते.

चित्रकामाविषयी मात्र तक्रारीला फारशी जागा नाही, आणि येथे थोडे रेंगाळणे मला आवश्यक वाटते. दहा राजे आणि दहा प्रधान ही वीस पाने स्पष्टपणे अनुभवी हाताची आहेत. राजा सिंहासनावर किंवा मखरात, आणि प्रधान घोड्यावर, हा भेद सर्वत्र कसोशीने पाळलेला आहे. त्यामुळे चिन्हाकडे न पाहताही मानाचे पान कोणते ते कळते. घोड्यांच्या माना दहाही प्रधानांत वेगवेगळ्या वळणाच्या आहेत, म्हणजे ठसा किंवा छापील रेखाटन वापरलेले नाही. परशुरामाच्या पानावर हिरव्या पार्श्वभूमीवरची पिवळी वेलपत्ती इतकी सफाईदार आहे की भिंगाखालीही ब्रशचा थरकाप दिसत नाही. वराहाचा राजा मला सर्वांत आवडला. सुळ्यांवर पृथ्वी तोललेली आहे आणि ती पृथ्वी म्हणजे एक लहानसा हिरवा डोंगर आहे, त्यावर एक झाड. चितारीने स्वतःसाठी घेतलेली ही मोकळीक आहे, आणि छापील कॅटात ती कधीच सापडत नाही.

संख्येच्या पानांवर हात बदललेला जाणवतो. सुरुवातीच्या अवतारांतील मासे आणि कासवे प्रत्येक पानावर डोळ्यांसकट रेखलेली आहेत, तर शेवटच्या दोन अवतारांत चिन्हे घाईने उरकलेली दिसतात. पत्ते म्हणून अधिक महत्त्वाची बाब अशी, की गोल पानावर चिन्हांची मांडणी कशी करावयाची याचा एक ठरलेला नियम संपूर्ण संचात पाळलेला नाही. इस्पिकची सत्ती आपण मोजत नाही, तिची मांडणी डोळ्यात बसलेली असते. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी पत्त्यांनी रुळवलेल्या कोपऱ्यातील आकड्यांमुळे मांडणी पाहण्याचीही गरज उरलेली नाही. गंजिफाच्या पानाला कोपराच नाही. त्यामुळे खेळाडूची सगळी मदार मांडणीवर असते, आणि या संचात माशांची अठ्ठी तीन-दोन-तीन अशी तर शंखांची अठ्ठी दोन ओळींत चार-चार अशी असल्यामुळे प्रत्येक वेळी मोजणे भाग पडते. नव्वी आणि दश्शी यांच्यात तर चांगल्या उजेडातही गफलत होते. ही गफलत साधी नाही. दहांपैकी पाच अवतारांत राजा व प्रधान यांच्यानंतर दश्शी सर्वांत मोठी आणि एक्का सर्वांत लहान असतो, आणि उरलेल्या पाचांत क्रम उलटा होऊन प्रधानाच्या खालोखाल एक्का येतो. पान वाचण्यात एका चिन्हाची चूक झाली तर हक्काचा हात हातचा जातो.

रंगांच्या निवडीतही एक अडचण आहे. दहा अवतारांना दहा पार्श्वभूमी लागतात, आणि दहा स्पष्ट वेगळे रंग निवडणे वाटते तेवढे सोपे नाही. येथे नरसिंहाचा शेंदरी आणि कल्कीचा तांबडा हे दोन रंग दिवसा खिडकीजवळ वेगळे ओळखता येतात, पण रात्री पिवळसर दिव्याखाली एकच वाटू लागतात. चक्र आणि तलवार ही चिन्हे वेगळी असल्याने खेळ अडत नाही, परंतु पाने लावताना वेळ जातो. कृष्णाचा निळा आणि मत्स्याचा फिकट निळाही एकमेकांच्या फार जवळ आहेत.

पाठींचे परीक्षण असे करावे : १२० पाने पालथी पसरावीत आणि उजेड बाजूने, तिरका पडेल अशा ठिकाणी बसून ती न्याहाळावीत. या संचाच्या पाठी सपाट तांबड्या आहेत, त्यावर नक्षी नाही. नक्षी नसणे हे परंपरेला धरूनच आहे, पण नक्षीमुळे छापील पत्त्यांवरचे लहान डाग आणि ओरखडे लपतात, सपाट रंगात ते उघडे पडतात. माझ्या संचात सात-आठ पाने पाठीवरून ओळखता येतील अशी निघाली. एकावर ब्रशचा केस चिकटून राहिला आहे, दोघांच्या कडेला पांढरे अस्तर दिसते, काहींवर लाखेचा ओघळ आहे. त्यात ती उजळ अठ्ठी. पैसे लावून खेळणाऱ्याने हा संच हाती धरू नये, हे वेगळे सांगावयास नको. आणि गणपतीच्या जागरणात मांडवामागे रात्रभर मेंढीकोट आणि रमी कुटणाऱ्या आमच्या पेठेतल्या मंडळींनाही तो द्यावा असे मला वाटत नाही, जरी त्यांची कारणे वेगळी असतील.

प्रत्यक्ष खेळाचा अनुभव सांगतो, कारण या संचाचे मोल मला तेथेच कळले. गोल जाड पाने आपल्या पत्त्यांप्रमाणे पिसता येत नाहीत. सतरंजीवर स्वच्छ चादर अंथरून त्यावर सर्व पाने पालथी पसरावयाची, दोन्ही हातांनी कालवावयाची आणि मग वाटावयाची, ही जुनी रीत आहे व ती या संचाला उत्तम लागू पडते. दिवसा खेळत असल्यास ज्याच्याकडे रामाचा राजा आला असेल त्याने आणि रात्री खेळत असल्यास ज्याच्याकडे कृष्णाचा राजा आला असेल त्याने खेळ सुरू करावयाचा असतो. यात हुकमाचा रंग नसतो. सगळा खेळ स्मरणशक्तीचा आहे, कारण कोणती मोठी पाने खेळून गेली आणि त्यामुळे आपल्या हातातील कोणते पान आता सर्वांत मोठे झाले, हे १२० पानांच्या पसाऱ्यात लक्षात ठेवावे लागते. ब्रिज खेळणारे माझे एक स्नेही पहिल्या डावाला हसत बसले होते. दुसऱ्या डावात ते गप्प झाले आणि तिसऱ्यात त्यांनी सर्वाधिक हात केले. ज्या कॅटावर इतका कसाचा खेळ होतो त्याच्या पेटीत नियमांचा एक कागदही घातलेला नसावा, ही या उत्पादनातील सर्वांत स्वस्तात दूर होऊ शकणारी उणीव आहे. साध्या मराठीत छापलेले एक दुमडपत्रक पुरेल. तेवढे असते, तर भेट म्हणून असे संच घेणाऱ्यांपैकी काही जण तरी ते उघडून खेळले असते.

कोल्हापूरच्या पावसात या संचाचे काय होते, हा प्रश्न येथील संग्राहकाने विचारलाच पाहिजे. जुलैच्या मध्यावर पेटी उघडली तेव्हा वरच्या थरातील पाने जोडीजोडीने एकमेकांना चिकटलेली होती. ओढून काढण्याचा मोह टाळून ती कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवली, तेव्हा बहुतेक आपोआप सुटली. दोन पानांच्या पाठीवर मात्र समोरच्या पानाच्या लाखेचा पापुद्रा राहिला. वरचा लेप पूर्ण वाळण्याआधीच पाने पेटीत भरली गेली असावीत, असा माझा तर्क आहे. तेव्हापासून मी प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपरची गोल चकती ठेवतो आणि पेटीच्या कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालतो. त्यानंतर तक्रार उद्भवलेली नाही. पाने वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, कारण त्या कागदातील आम्लामुळे अस्तर पिवळे पडते आणि शाईही उतरते. मऊ प्लास्टिकच्या पिशव्याही टाळाव्यात. पेटीचे लाकूड मात्र चांगले वाळवलेले आहे. भर पावसातही झाकण फुगून अडकले नाही आणि आतून दमट वासही आला नाही. पेटीवरील फुलांचे रंगकाम पानांइतकेच नेटके आहे.

आता निनावीपणाविषयी. छापील पत्त्यांचा संग्रह करणाऱ्याला नाव-गाव शोधण्याची एक सोपी वाट असते. इंग्लंडमध्ये पत्त्यांवरील कर भरल्याची खूण दीर्घकाळ इस्पिकच्या एक्क्याशी जोडलेली होती, त्यामुळे ते पान विशेष नक्षीदार झाले. तो कर १९६० मध्ये उठला तरी निर्मात्याचे नाव त्या एक्क्यावर छापण्याची चाल टिकून आहे. १८८५ पासून निघणारा बायसिकल कॅट घ्या, वा एखादा युरोपीय कॅट घ्या, इस्पिकचा एक्का पाहिला की घर कळते. गंजिफांत असे कोणतेही पान नाही. जुन्या काळी दरबारासाठी हस्तिदंतावर किंवा कासवाच्या पाठीवर रंगवलेली दरबारी कलमाची पाने आणि सामान्यांसाठी कापड-कागदावरची बाजारी कलमाची पाने असा भेद होता, पण दोन्ही प्रकारांत चितारी बहुधा अनामच राहिला. आजच्या विक्रेत्याने ही परंपरा पुढे चालवण्याचे कारण नाही. पेटीच्या तळाशी कारागिराचे नाव, गाव आणि साल एवढे लिहिले तरी संग्राहकाच्या दृष्टीने संचाची किंमत वाढते, आणि त्या कारागिराला पुढचे काम मिळण्याचा मार्गही खुला होतो. मी दुकानात चौकशी केली तेव्हा नाव सांगण्याचे टाळले गेले. गिऱ्हाईक थेट कारागिराकडे जाईल, ही मध्यस्थाची भीती मला समजते. तरीही या एका मुद्द्यावर मी संचाचे गुण कापतो.

याच ओघात एक सावधगिरीची सूचना करतो. पुरातन म्हणून एखादा संच कोणी दाखवला तर पानांचे द्रव्य आणि विक्रेत्याची कागदपत्रे दोन्ही पाहावीत. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, त्यानुसार अशा वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. मुद्दाम धुरकट केलेली, कडा घासलेली नवी पाने जुनी म्हणून खपवण्याचे प्रकारही घडतात. खरोखर खेळून जुन्या झालेल्या पानांची झीज बोटे लागतात त्या ठिकाणी अधिक असते आणि ती सगळ्या पानांवर सारखी नसते. एकसारखी मळलेली १२० पाने पाहिली की संशय घ्यावा.

किमतीचा विचार करता साडेसहा हजार हा आकडा जास्त वाटेल, विशेषतः लक्ष्मीपुरीत शंभर-दीडशे रुपयांत बऱ्यापैकी प्लास्टिकचा लेप दिलेला कॅट मिळत असताना. परंतु १२० पाने, दोन्ही बाजूंचे अस्तर, रंग, लाख आणि रंगीत पेटी यांचा हिशेब केला तर एका पानाला पंचावन्न रुपयांहून कमी पडतात, आणि त्यात दुकानदाराचा नफाही आला. चित्रकामाचा दर्जा पाहता कारागिराच्या पदरात पुरेसे पडत असेल का, हीच शंका येते. ज्यांना एवढा खर्च नको त्यांच्यासाठी बाजारात केवळ दहा राजांचा लहान संच, नवग्रहांचा १०८ पानांचा संच आणि गोल पानांवर रंगवलेला नेहमीचा ५२ पानांचा कॅट असेही प्रकार मिळतात. दहा राजांचा संच मी सुचवणार नाही. तो चित्रसंग्रह आहे, पत्त्यांच्या संग्रहात त्याला जागा नाही. ५२ गोल पानांचा कॅट मात्र घेण्याजोगा आहे. घरातील मुलांना झब्बू आणि बदाम सात त्यावर लगेच खेळता येतो, आणि गोल पान हातात कसे वागते याची सवय होते. तीच सवय पुढे १२० पानांच्या खेळाला उपयोगी पडते.

संग्रहाला नुकतीच सुरुवात करणाऱ्याने, पहिली हजार-दोन हजारांची खरेदी म्हणून, छापील कॅटांपासूनच आरंभ करावा, असे मी सांगेन. त्यांत पाठ, एक्का, जोकर, डबी आणि मोहोर यांची तपासणी शिकता येते. ज्यांच्याकडे असे काही कॅट आधीच आहेत आणि ज्यांना एक भारतीय संच त्यांच्या शेजारी ठेवावयाचा आहे, त्यांनी दशावतारी पूर्ण संच अवश्य घ्यावा, आणि जमल्यास कोल्हापुरात न घेता आजऱ्याच्या वाटेने आंबोली घाट उतरून सावंतवाडीला जाऊन घ्यावा. तेथे राजवाड्यात कारागीर काम करताना पाहता येतात. पानाचा आकार, पुठ्ठ्याची जाडी, चिन्हांची मांडणी या गोष्टी रंगवणाऱ्याशी समोरासमोर बोलून ठरवता येतील, तर या परीक्षणातील निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत. कोल्हापूरच्या दुकानाचा फायदा एवढाच, की चूक निघाल्यास पान बदलून मिळवण्यासाठी घाट चढावा-उतरावा लागत नाही.

माझ्या तराजूत चित्रकामाला दहापैकी आठ, पेटीला आठ, दुकानाच्या सेवेला दहा, पाने हातात धरण्याच्या सोयीला तीन, वाचनीयतेला चार आणि पाठींना चार गुण पडतात. संच मी परत केलेला नाही आणि करणारही नाही. मात्र नवा संच सांगताना आता माझ्या मागणीत एक कलम वाढले आहे : १२० पानांबरोबर त्याच खेपेतल्या पुठ्ठ्याची, त्याच वेळी तांबडी पाठ दिलेली, समोरून कोरी अशी चार पाने जास्तीची करून द्यावीत, म्हणजे एखादे पान हरवले किंवा चुकीचे निघाले तर त्या कोऱ्या पानावर रंगवून घेता येईल आणि पाठीवरून ते कोणाला ओळखू येणार नाही. कारागिराला याचा खर्च फारसा येत नाही, आणि मी विचारले तेव्हा विक्रेत्याने त्यासाठी दोनशे रुपये जास्त सांगितले, जे मला रास्त वाटतात.